पांढरा रस्सा गोड का लागतो, आणि इतर तक्रारी

गेल्या महिन्यात मी सहज विचारलं होतं की कोल्हापुरातल्या हॉटेलांत तुम्हाला काय काय बदललेलं दिसतं ते लिहून कळवा. वाटलं दहा-बारा पत्रं येतील. आली ती गठ्ठ्यानं, आणि त्यातली निम्मी नुसत्या पांढऱ्या रश्श्यावर. मटणाचा विषय निघाला की आपल्याकडं कुणी गप्प बसत नाही, 2019 च्या अखेरीला मटणाच्या दरावरून आंदोलन झालेलं आठवत असेलच, त्यामुळं फार नवल वाटलं नाही. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय म्हणून सरसकट कुणाचंच छापत नाही.

प्रश्न : ताई, मी बारा वर्षं पुण्यात नोकरी करून परत कोल्हापूरला आलोय. आल्या आल्या मित्रांना घेऊन पाच-सहा ठिकाणी थाळी खाल्ली. तांबडा ठीकाय, पण पांढरा रस्सा सगळीकडं घट्ट आणि गोडसर लागतोय, खीर प्यायल्यासारखं वाटतं. माझी जीभ बिघडली की रस्सा बिघडला?

उत्तर : जीभ शाबूत आहे तुमची. पण दोष सगळा आचाऱ्याच्या माथी मारू नका, जरा गणित बघा.

घरी आपण काय करतो, मटण आलं-लसूण-मीठ लावून शिजवतो, त्याचं वरचं पाणी काढतो, तेच आपलं अळणी. (मीठ घातलेलं असूनही आपण त्याला अळणी का म्हणतो हे मला आजवर कुणी धड सांगू शकलेलं नाही. चटणी, म्हणजे आपला कांदा-लसूण मसाला, नाही म्हणून अळणी, एवढंच.) मग खसखस, तीळ, थोडे काजू बारीक वाटून घालायचे, दालचिनी-लवंग-वेलदोडा-मिऱ्याची फोडणी, उभी चिरलेली हिरवी मिरची, आणि सगळ्यात शेवटी नारळाचं दूध. दूध घातल्यावर एक हलकी कढ आली की गॅस बंद. खळाखळा उकळलं की फुटतं, वर तूप सुटल्यासारखे डोळे आणि खाली पाणी. घरात हे जमतं कारण माणसं पाटावर बसलेली असतात आणि रस्सा पातेल्यातून थेट वाटीत जातो.

हॉटेलात तोच रस्सा सकाळी अकराला तयार होतो आणि दुपारी साडेतीनपर्यंत मंद आचेवर बसून असतो, परत संध्याकाळी तेच. नारळाचं दूध इतका वेळ गरम राहिलं तर फुटणारच. ते फुटू नये म्हणून त्याला धरून ठेवणारं काहीतरी लागतं, मग काजू वाढतो, आणि काजू परवडत नाही तिथं मगजबी (खरबुजासारख्या फळांच्या सोललेल्या बिया), नाहीतर सरळ कॉर्नफ्लॉवर. घट्टपणा तिथून आला. काजू आणि खोबरं मुळातच गोडसर, आणि खसखस ज्या भावाला मिळते ते बघता तिच्यावरच पहिली कात्री लागते, म्हणून गोडवा वर येतो आणि खसखशीचा तो खमंगपणा हरवतो.

दुसरं म्हणजे अनलिमिटेड. थाळीत मटणाचे तुकडे मोजून, पण रस्सा पाहिजे तेवढा. आता रश्श्याला चव येते मटणाच्या अळणीतून, आणि अळणी निघणार मटण असेल तेवढंच. एका गिऱ्हाइकामागं दोन वाट्या निघाल्या तर दम राहतो, पण आपली पोरं पैज लावून आठ-आठ वाट्या पितात आणि वर त्याचा व्हिडिओ टाकतात, मग ती पाचवी-सहावी वाटी भरायला आचारी पाणी आणि पावडर सोडून काय ओतणार? तेव्हा अर्धी चूक आपल्या हावरटपणाची आहे असं मी म्हणेन, राग आला तर आला.

माझ्या आईची शाहूपुरीत खानावळ होती. महिन्याचे डबे आणि रोज जेवायला येणारी पंचवीस-तीस माणसं. तिथं पांढरा रस्सा दुसऱ्यांदा मागितला तर आई वाटी भरायची, तिसऱ्यांदा मागितला तर म्हणायची, "बाळ, भात घे आता." ती कंजूष नव्हती. तिला माहीत होतं पातेल्यात काय उरलंय ते.

एक करून बघा. दुपारी साडेबाराच्या आत जा आणि पहिली वाटी प्या. तीही खिरीसारखी लागली तर ते हॉटेल सोडा.

प्रश्न : मी नागपूरची, लग्न होऊन इथं आले. लग्नाआधी आमच्याकडं हॉटेलात गेलं की 'व्हेज कोल्हापुरी' मागवायचो. इथं येऊन तीन वर्षं झाली, सासरी कधी ती भाजी केली नाही, आणि विचारलं की सगळे हसतात. का हसतात?

उत्तर : कारण ती भाजी कोल्हापूरनं पहिल्यांदा मेन्यूकार्डावरच बघितली. बाहेरच्या हॉटेलांनी फ्लॉवर-गाजर-मटारला लाल ग्रेव्ही घातली, वर दोन सुक्या मिरच्या ठेवल्या आणि आमचं नाव दिलं. आता गंमत अशी की इथल्या हॉटेलांतही ती मिळते, कारण अंबाबाईच्या दर्शनाला आलेली माणसं तीच मागतात.

खरंच इथल्या बाजूचं शाकाहारी जेवण खायचं असेल तर अख्खा मसूर मागवा आणि सोबत भाकरी, खर्डा, कांदा. तो कोल्हापूर-सांगलीकडच्या ढाब्यांवरचा, हायवेनं जाणाऱ्या माणसांनी मोठा केलेला पदार्थ. आणि सासूबाईंकडून चटणीच्या आमटीचं प्रमाण मागून घ्या. आपल्याकडं 'चटणी' म्हणजे कांदा-लसूण मसाला, ताटात डावीकडं वाढतात ती नव्हे, हे तीन वर्षांत कळलं असेलच तुम्हाला. शिवाय कोल्हापुरी म्हणजे नुसतं डोळ्यांतून पाणी काढणारं तिखट हाही बाहेरचाच समज. घरच्या चटणीत रंगाला ब्याडगी, तिखटपणाला संकेश्वरी किंवा लवंगी, आणि त्या जोडीला धणे, खोबरं, तीळ, लसूण इतकं असतं की जिभेला आधी चव लागते आणि तिखट मागनं येतं. तिखटच आधी लागलं तर समजायचं की आचाऱ्यानं चटणीऐवजी मिरचीपूड वापरलीय.

प्रश्न : मी मंगळवार पेठेत राहते, वय वर्षं एकाहत्तर. घरात मी, मुलगा, सून, दोन नातवंडं. रविवार आला की मी मटण आणायला सांगते आणि नातवंडं म्हणतात आजी नको, मोमो मागवू, नाहीतर ती मंदी. परातीएवढ्या ताटात भात, त्यावर कोंबडी, आणि सगळ्यांनी एकाच ताटात हात घालायचा. मुलगा पण त्यांच्याच बाजूनं. मी केलेला रस्सा सोमवारी गड्याला द्यावा लागला. असं कसं चालायचं बाई? आमच्या वेळी बाहेर खाणं म्हणजे आजारी माणूस किंवा परगावचा माणूस.

उत्तर : आजी, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं, कारण सगळी गोष्ट तिथंच आहे.

तुमच्या वेळी हॉटेलात कोण जायचं? गडी माणसं. मिसळ खायला तालमीतली पोरं जाणार, चहाला बाजारातली माणसं, मटणाच्या खानावळीत कोर्टकचेरीला आलेले खेड्यातले लोक. बाई गेलीच तर आत पडदा लावलेल्या 'फॅमिली रूम'मध्ये, ती पण वर्षातून एकदा साड्या घ्यायला महाद्वार रोडला गेल्यावर, आणि तिथं बसूनही डोक्यावरचा पदर सावरण्यात निम्मा वेळ. मी लहान असताना आईबरोबर अशा एका खोलीत बसून डोसा खाल्लाय, पंखा नव्हता, दाराशी वेटर खाकरून मग आत यायचा. आज तुमची सून मैत्रिणींबरोबर राजारामपुरीत कॅफेत रस्त्याकडच्या काचेला लागून बसते आणि कुणी वळून बघत नाही. हा बदल मला मोमोपेक्षा फार मोठा वाटतो, आणि त्याची तक्रार मी तरी करणार नाही.

आता नातवंडांचं. खानावळीचं सगळं कौतुक एका गोष्टीचं असायचं, की घरच्यासारखं मिळतं. माणूस घरापासून लांब, म्हणून बाहेर त्याला घर पाहिजे. तुमच्या नातवाला घर रोजच आहे, तुमच्या हातची भाकरी रोज आहे, मग तो पैसे देऊन बाहेर परत भाकरीच कशाला मागेल? त्याला घरी नाही ते पाहिजे. आणि दुसरीकडं पुण्या-मुंबईचा माणूस इथं येऊन हजार रुपये मोजून तेच खातो जे तुमच्या चुलीवर होतं. तुमचा तांबडा-पांढरा हॉटेलात जाऊन बसला आणि हॉटेलातलं पनीर, नूडल्स, पिझ्झा तुमच्या फ्रिजमध्ये येऊन बसलं, अशी ही अदलाबदल झालीय. कुणी ठरवून केली नाही.

मंदीला मात्र इतकं परकं समजू नका. ती मूळची येमेनची, हैदराबादेत बारकस भागात रुजलेली, आणि एका ताटात चौघांनी जेवायचं हे तर आपल्या जत्रेत, पैपाहुण्यांत होतंच की. मसाला तुम्हाला फिका लागेल. एकदा त्यांच्याबरोबर बसा, आणि जाताना पदराला खर्डा बांधून न्या, दुसऱ्या घासाला नातू तो मागतो की नाही बघा.

आणि रविवारी सकाळी रस्सा करण्याआधी विचारून घ्या हो. केलेलं मटण वाया जाणं मलाही बघवत नाही.

प्रश्न : ताई, दहावीला आहे. शाळेत 'आमच्या शहरातील हॉटेल' असा प्रकल्प दिलाय. कोल्हापुरातलं सगळ्यात महत्त्वाचं हॉटेल कुठलं?

उत्तर : बाळा, सगळे तुला मिसळीची आणि रश्श्याची नावं सांगतील. तू गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलावर लिही.

ते शाहू महाराजांकडं चाकरीला होते. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली, कारण त्या वेळी दलितांनी सवर्णांच्या पाण्याला हात लावायचा नाही असं होतं. महाराजांना कळल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना म्हणाले की नोकरी सोड, स्वतःचा धंदा कर. त्यातून भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल निघालं, सत्यसुधारक नावाचं. पण दलिताच्या हातचा चहा प्यायचा कुणी? मग महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून चहा मागवायचे, आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही तोच चहा घ्यायला लावायचे. राजानं पेला तोंडाला लावल्यावर बाकीच्यांना नाही कसं म्हणता येईल?

शाहू महाराजांची कारकीर्द 1894 ते 1922, हे प्रकल्पात घाल. आणि आजीला, आजोबांना विचार की त्यांच्या लहानपणी कुठल्या हॉटेलात कुणाचे कप वेगळे ठेवलेले असायचे. मिळालं उत्तर तर तेही लिही, मार्क कमी पडले तरी चालतील.

प्रश्न : ताई, वय 27, वडिलांची शिरोली एमआयडीसीत छोटी फाउंड्री आहे पण मला त्यात इंटरेस्ट नाही. नागाळा पार्कात कॅफे काढायचाय, कॉफी, पास्ता, वुडफायर पिझ्झा असं. घरचे म्हणतात इथं लोक दूध कट्ट्यावर पेला पिऊन घरी जातात, दोनशेची कॉफी कोण पिणार. तुम्हाला काय वाटतं? लायसन वगैरे काय लागतं तेपण सांगा.

उत्तर : भावा, पिणारे आहेत. पैसा या जिल्ह्यात आहेच, ऊस, दूध, फाउंड्री, गुजरीतलं सोनं, हुपरीची चांदी. प्रश्न आहे तो पैसा हातात कधी येतो याचा, आणि तू पुण्यातल्या कॅफेचं गणित उचलून इथं मांडलंस तर मार खाशील.

इथलं कॅलेंडर वेगळं. दुधाचं बिल दहा दिवसाला, दिवाळीआधी दूध संघाकडनं मिळणारा दरातला फरक, उसाची बिलं गाळप सुरू झाल्यावर. त्या त्या आठवड्यांत खेड्यातनं गाड्या भरून माणसं शहरात खायला येतात, हे कुठल्याही जुन्या हॉटेलवाल्याला विचार. मग वार. बुधवार, शुक्रवार, रविवार मटणाचे, त्या दिवशी संध्याकाळी तुझ्या पास्त्याला कोण विचारत नाही, पण सोमवार, गुरुवार, शनिवार तुझे. आषाढात सगळं गाव मटणाच्या मागं, आणि श्रावण लागला की तुझ्याकडं जागा मिळणार नाही. आपल्याकडं जैन आणि लिंगायत घरं किती आहेत बघ, पूर्ण शाकाहारी आणि मागितलं तर कांदा-लसणाशिवाय करून देणारं किचन ठेवलंस तर अख्खं कुटुंब येतं, आजीसकट. कर्नाटकातनं आलेल्या लोणी डोशाला इथं रांगा लागतात त्या उगीच नाहीत.

कागदपत्रांचं थोडक्यात. अन्न सुरक्षेचं रजिस्ट्रेशन किंवा लायसन, उलाढालीप्रमाणं, ते सरकारच्या फॉस्कॉस साइटवर ऑनलाइन होतं. महापालिकेचा परवाना, शॉप अॅक्ट, आणि वुडफायर भट्टी म्हणतोयस तर अग्निशमनचा दाखला आधी, इंटेरिअर मागनं. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी 5 टक्के, पण मशीन, फर्निचर, भाडं यांवर तू भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, तो खर्चातच धर, इथंच नवीन पोरांचं बजेट फसतं. घरपोच अॅपवरून आलेल्या ऑर्डरचा जीएसटी 1 जानेवारी 2022 पासून अॅपवालाच भरतो, पण त्याचं कमिशन तुझ्या खिशातनं जातं, तेव्हा वीस मिनिटांत मऊ पडणारा पातळ पिझ्झा अॅपवर टाकायच्या आधी विचार कर.

आणि दूध कट्ट्याला हसू नकोस. गंगावेशीत डोळ्यांसमोर म्हैस पिळून फेसाळ पेला हातात देतात. तू ज्याला ओपन किचन म्हणून भिंत फोडणार आहेस ते तिथं कधीचं चालू आहे.

वडिलांशी भांडू नको. फाउंड्रीतल्या माणसाला भट्टीचं तापमान कळतं, तुझ्या पिझ्झाची भट्टी बांधताना त्यांनाच पुढं कर.

प्रश्न : एका नव्या एसी हॉटेलात बिलात 10 टक्के सर्व्हिस चार्ज लावला. मी विचारलं तर मॅनेजर म्हणाला कंपल्सरी आहे साहेब. खरंय का?

उत्तर : नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 लाच सांगितलंय की सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये ते उचलून धरलं. काढून द्या म्हणायचं, नाही ऐकलं तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन. वेटरला मात्र हातात काहीतरी द्या, त्याचा त्यात काय दोष.

प्रश्न : आमच्या पुण्याच्या जावयाला मिसळीबरोबर पाव पाहिजे असतो, इथं स्लाइस ब्रेड दिला की तोंड वाकडं करतो. काय सांगू त्याला?

उत्तर : ब्रेड मिसळीचा कट, म्हणजे तो लाल रस्सा, शोषतो, तेवढंच सांगा. पाव बुडवला की वरवर भिजतो आणि आत कोरडा राहतो, ब्रेडचा तुकडा मात्र कटात टाकून सेकंदभर थांबलं की आरपार लाल. तरी नाही पटलं तर त्याला कट वडा द्या, त्यात पाव-ब्रेडचा वादच येत नाही. जावई आहे, जास्त ताणू नका.

प्रश्न : मुलगी बेंगळुरूला आयटीत आहे. तिकडं सगळं मिळतं म्हणते पण दर उन्हाळ्यात चटणी मात्र माझ्याकडनंच मागते, मी डंकावर कुटून आणते. गेल्या वर्षी डबा उघडला तर चटणीला गाठी आणि वर पांढरट बुरा. कुरिअरवाल्याची चूक का माझी?

उत्तर : ओल राहिली बघा. कांदा घालत असाल तर तो आधी कडक उन्हात वाळवून मग तेलात कुरकुरीत तळायचा, नुसता लाल झाला म्हणून काढायचा नाही. लसूण पण एक दिवस उन्हात पसरून ठेवा. खोबरं जुनं, खवट वासाचं नको. डंकावरनं चटणी आणली की ती गरम असते, तशीच डब्यात दाबली की आत वाफ धरते आणि तिथंच बुरा येतो, म्हणून रात्रभर सुती कापडावर पसरून ठेवा, मग मीठ कमी वाटलं तर घाला आणि बरणीत मध्ये मध्ये हिंगाचे खडे ठेवा.

पाठवताना एकच मोठा डबा देऊ नका. पाव-पाव किलोच्या पिशव्या करा, म्हणजे ती एक फोडेल आणि बाकीच्या फ्रिजमध्ये राहतील. आणि एक पिशवी जास्तीची घाला, तिच्या रूममेटनं गेल्या वर्षी नक्की मागितली असणार.